टोपड्यातली आपत्ती

माणसाची खरी पारख संकटातच होते, असं आमचे साहेब म्हणत. हे वाक्य त्यांनी पेंटरकडून रंगवून घेऊन रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर लावलं होतं. अडचण एवढीच होती की आमच्याकडे संकट येत नव्हतं. सर्दी येई, जुलाब येत, विंचू चावलेले येत, अडलेल्या बाळंतिणी येत. पण जिच्यात माणसाची पारख व्हावी अशी घसघशीत आपत्ती साडेचार वर्षं आली नाही. तेवढा काळ आम्ही सगळे पारख न होताच राहिलो. पगार मात्र घेत होतो.

साहेब म्हणजे आमचे अधीक्षक. रुग्णालय एका ट्रस्टचं, तीस खाटांचं, महामार्ग सोडून भोरकडे वळलं की थोडं आत. मी तिथे भांडारपाल होतो. कापूस, स्पिरीट, बँडेज आणि हे सगळं वेळेवर न मिळालेल्यांचा राग माझ्या ताब्यात असे. टायपिस्टची जागा भरलेली नसल्यामुळे टायपिंगही माझ्याकडेच होतं. साहेब मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या रुग्णालयातून आले होते. ते तिथून का आले याच्या तीन हकिकती होत्या आणि तिन्ही त्यांनीच सांगितलेल्या होत्या.

त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असे आणि त्याच्या शेजारी शिट्टी. स्टेथोस्कोपचा वापर कमी होता. चहा ते उभ्यानं पीत, कारण भूकंप झाला तर बसलेल्या माणसाला उठायला तीन सेकंद जास्त लागतात. हे तीन सेकंद त्यांनी शिपायाला खुर्चीवरून वीस वेळा उठवून स्वतः मोजले होते. शिपायाचं म्हणणं होतं की शेवटच्या पाच वेळा भूकंप आला असता तरी तो उठला नसता. कोणाकडे जेवायला गेले, तर साहेब पानावर बसण्याआधी घराचं मागचं दार कुठं उघडतं ते बघून येत. घरच्या बायकांना वाटे, पाहुण्यांना मोरीकडे जायचंय; त्या तांब्या भरून देत. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती, आणि हे मांडवाचे खांब मोजत होते. मला वाटलं, लाजतायत."

आल्यानंतर पहिल्याच वर्षी साहेबांनी आपत्ती आराखडा लिहिला. चाळीस पानांचा. त्यात भूकंप होता, पूर होता, दरड होती, वरचं धरण फुटणं होतं, विमान कोसळणं होतं. शेवटच्या प्रकरणात समुद्राच्या लाटा होत्या. टाइप करता करता मी चाचरत म्हणालो, "साहेब, भोरला समुद्र नाही."

"आज नाही," साहेब म्हणाले.

रस्त्यावरचा अपघात मात्र आराखड्यात नव्हता. तो तर रोजच होतो, असं साहेबांचं म्हणणं. त्यालाही आपत्ती म्हणायचं, तर मग आपत्तीचा मान काय राहिला?

आराखड्यामागोमाग रंगीत तालमी सुरू झाल्या. किकवीहून वीस-पंचवीस माणसं जखमी होण्यासाठी बोलावली जात. मोबदला एक चहा आणि दोन वडापाव. लाल शाईच्या जखमा काढून त्यांना आवारात निजवायचं, साहेबांनी शिट्टी फुंकायची, की नर्सेसनी धावत येऊन प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधायची. लाल म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालता येतंय, आणि काळी म्हणजे याच्यासाठी आता वेळ घालवायचा नाही. कल्पना चांगली होती. जगभर तसंच करतात म्हणे. पण जगभर किकवीची माणसं नसतात.

दुसऱ्या तालमीला तात्या नावाचे एक म्हातारे आधीच हात पुढे करून बसले. "मला काळी द्या."

"तात्या, काळी म्हणजे मेलेल्याला," नर्स म्हणाली.

"ठावं हाय की. मागच्या टायमाला लाल दिली, तर तुमी चौघींनी उचलून पायऱ्यांवर दोनदा पाडला. मेलेल्याला कोन हलवत न्हाई. हितं लिंबाखाली मरतो म्या. वडापाव हितंच आणून द्या."

त्याच दिवशी डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेली एक बाई नर्स जवळ येताच उठून बसली आणि लुगडं सावरून म्हणाली, "आलेच हाय तर गुडघा बी बघा."

साहेबांनी शिट्टी फुंकली. "बाई! तुम्ही बेशुद्ध आहात!"

"व्हय जी. पर बसता-उठता लई कळ येती."

तिचं बघून शेजारच्या जळालेल्या माणसानं त्याचा जुना खोकला काढला. छाती चिरडलेल्यानं कानातलं पाणी. संध्याकाळपर्यंत खोट्या जखमींनी माझ्या भांडारातून खरी औषधं नेली आणि जाताना "पुढची आपत्ती कधी?" असं विचारून गेले. त्या रात्रीचा अहवाल साहेबांनी सांगितला आणि मी टाइप केला. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: आपत्ती प्रशिक्षणातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे माणसं.

अशा मनःस्थितीत त्यांना पुण्यातल्या एका परिषदेत आभासी वास्तव भेटलं. तिथून परतले तेव्हा त्यांचा चेहरा नुकताच अनुग्रह घेतलेल्या माणसासारखा दिसत होता. आठ महिन्यांनी, ट्रस्टच्या अध्यक्षांच्या परदेशातल्या नातलगाच्या कृपेनं, तीन खोक्यांतून यंत्र आलं. एक संगणक, डोक्यावर चढवायचं एक जड टोपण, ज्याच्या आत डोळ्यांसमोर दोन छोटे पडदे होते, हातात घालायचा एक मोजा, आणि आठ म्हशी बांधता येतील एवढ्या वायरी. सोबतचं थर्माकोल नर्सेसनी गणपतीच्या मखरासाठी वाटून घेतलं. त्या देणगीचा तेवढा भाग पूर्णपणे उपयोगी पडला. मी नोंदवहीत "हेल्मेट, विजेवरचे, नग एक" असं लिहिलं. हिशेब तपासायला आलेल्या ऑडिटरनी विचारलं, "आणि गाडी कुठंय?"

यंत्राला गारवा लागतो म्हणून प्रशिक्षण कक्षात एसी बसला. रुग्णालयातला दुसरा एसी शस्त्रक्रियेच्या खोलीत होता; तो बंद होता. त्या वर्षांत वीज दिवसातून सहा-सहा तास जायची. त्यामुळे आमच्याकडे आपत्ती सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते पाच एवढ्याच वेळात कोसळू शके. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ फोडला आणि यंत्राला हळदकुंकू वाहिलं. थोडं कुंकू आतल्या भिंगावर गेलं, म्हणून पहिले दोन दिवस सगळेच जखमी अतिगंभीर दिसत होते.

साहेब त्याला आभासी वास्तव म्हणत. नर्सेस टोपडं म्हणत.

टोपड्याच्या आत काय होतं ते मला सगळ्यांकडून थोडं थोडं कळलं. परदेशातल्या कुठल्याशा शहरात जमिनीखालून जाणारी रेल्वे असते, तिचा अपघात होतो. आमच्या तालुक्यात रेल्वे जमिनीवरूनही जात नाही. फलाटावर वीस गोरी माणसं पडलेली असत, धूर असे, कोणी इंग्रजीत विव्हळत असे. नर्सनं मोज्यानं एकेकाकडे बोट करायचं, रंग निवडायचा आणि पुढं सरकायचं. एका माणसाला तीस सेकंद. उशीर झाला की तो आपोआप काळा होई. शेवटी यंत्र शंभरपैकी गुण सांगे.

सर्वांत जास्त गुण सुनंदा सिस्टरना पडले: ब्याऐंशी. त्या जखमींकडे न बघता डावीउजवीकडे रंग वाटत गेल्या. त्यांना सरावाची गरज नव्हती. बाह्यरुग्ण विभागात त्या पंधरा वर्षं हेच करत होत्या.

सर्वांत कमी गुण शकीला सिस्टरना पडले. आणि पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

शकीला सिस्टर भोरमधल्याच. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्यापासून ते बंद होतं. घरात बापलेक दोघंच. सिस्टर सहा वर्षं हंगामी होत्या. सहा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, की पुन्हा सहा महिन्यांची ऑर्डर. आता एक कायम जागा निघाली होती आणि तिच्यावर हक्क त्यांचाच होता. पण टोपडं आल्याच्या भरात साहेबांनी नियम केला: कायम नेमणुकीसाठी आभासी प्रशिक्षणात किमान सत्तर गुण हवेत. जूनअखेर ते न पडल्यास पुढची ऑर्डरही नाही. अध्यक्षांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो वर्तमानपत्रात छापून आणला. बाकीच्या पाचजणी आधीच कायम होत्या. त्यांनी परीक्षा दिली ती एसीत बसायला मिळतं म्हणून. गुणांची गरज होती ती एकट्या शकीला सिस्टरना. इथं नाही जमलं तर नोकरी पुण्यात बघावी लागणार, आणि पुण्याला जायचं तर बापाला कोण उठवून बसवणार?

त्यांची पहिली परीक्षा मी बघितली. टोपडं घातलेला माणूस बाहेरून फार केविलवाणा दिसतो. सिस्टर भिंतीकडे तोंड करून वाकल्या आणि अगदी आपलेपणानं म्हणाल्या, "दादा, नाव काय तुमचं? गाव कुठलं? संगं कोन हाय?"

"सिस्टर, तो उत्तर देणार नाही!" साहेब ओरडले.

"बेसुद हाय का मग? थांबा, लाल लावते."

"तो कार्यक्रमातला माणूस आहे!"

"असंल की साहेब. पर नाव न इचारता अंगाला हात कसा लावायचा?"

चौथ्या माणसाची विचारपूस होईपर्यंत उरलेले सोळाजण मेले. गुण एकेचाळीस. दुसऱ्या खेपेला अडतीस. तिसऱ्या खेपेला, साहेबांनी शेजारी उभं राहून दर तीस सेकंदांना शिट्टी वाजवल्यावर, त्रेचाळीस.

"तुम्ही विचारता कशाला?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आपल्याकडं माणूस कदी येकटा पडतो का, साहेब? येक पडला की मागं धा असत्यात. त्या धांना इचारल्याबिगर काय झालंय ते कळत न्हाई. ह्यांच्यात नातेवाईकच न्हाईत."

"नातेवाईक नाहीत, हेच तर या कार्यक्रमाचं वैशिष्ट्य आहे!" साहेब म्हणाले. तालमींच्या आठवणीनं त्यांच्या आवाजात थोडा ओलावाही आला.

आपत्ती शेवटी मे महिन्यात आली. वीज नव्हती तेव्हा आली, हे साहेबांना बराच काळ खटकत होतं. आणि आली ती आराखड्यात नसलेल्या प्रकारातली.

भोंगवलीची एक भावकी टेम्पो करून मार्गासनीला एका दहाव्याला गेली होती. दुपारी जेवणं उरकून परत निघाली, आणि वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका वळणावर टेम्पो ओढ्याच्या अंगाला कलंडला. दोन जीपा आणि एक दुधाची गाडी भरून जखमी आमच्याकडे आले. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं त्याला आनंद म्हणणं माणुसकीला धरून होणार नाही. म्हणून मी म्हणत नाही. त्यांनी घड्याळ सुरू केलं आणि शिट्टी फुंकली.

पट्ट्या बांधायला सुरुवात झाली. सुनंदा सिस्टरनी एका धिप्पाड गृहस्थांना पिवळी बांधली तसे ते उखडले. "पिवळी? मी माजी सरपंच हाय. त्या गड्याला लाल बांधताय आन् मला पिवळी?"

"दादा, त्यांचा पाय मोडलाय."

"मग? मान म्हणून काय हाय का न्हाई?"

त्यांना मानाची लाल पट्टी द्यावी लागली. ती मिळताच ते उठून पाणी प्यायला गेले. अर्ध्या तासात जखमींच्या तिप्पट नातेवाईक जमले, आणि टोपड्यात जे नव्हतं ते सगळं आवारात उभं राहिलं. नावं लिहून घेणं माझ्याकडे होतं. सगळ्यांचं आडनाव एकच, आणि एकोणिसांत तीन शांताबाई. मी "शांताबाई एक, शांताबाई दोन" असं लिहायला लागलो.

शकीला सिस्टर एका हातानं जखम दाबून धरत होत्या, दुसऱ्यानं पट्टी बांधत होत्या आणि तोंडानं चौकशी करत होत्या. "मावशी, कुनाच्या घरातल्या तुमी? थोरल्या घरच्या का? टेम्पोत शेजारी कोन बसलं हुतं? आन् त्यांच्या पलीकडं?" प्रत्येकीला तेच. उत्तर मिळालं की पुढच्या खाटेकडे.

"सिस्टर! वेळ!" साहेब सगळ्यांसमोर गरजले. "तेच चाललंय तुमचं! त्रेचाळीस गुण!"

"व्हय साहेब," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "अक्का, मागच्या फाळक्याच्या बाजूला कोन हुतं म्हनालात?"

थोड्या वेळानं साहेबांनी घड्याळ थांबवलं, हात उंचावला आणि जाहीर केलं, "एकोणीस जखमी, एकोणीस पट्ट्या. एकही काळी नाही!" माजी सरपंचांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब," शकीला सिस्टर म्हणाल्या, "येक माणूस कमी हाय."

"कोण म्हणतं? मोजा. एकोणीस."

"पट्ट्या एकोनीस. टेम्पोत ईस हुते. धोंडाआत्या फाळक्याला टेकून बसली हुती. तिच्या अलीकडची हितं हाय, पलीकडची हितं हाय. आत्या न्हाई."

एकदम सगळी भावकी बोलायला लागली. थोरल्या घरच्यांना वाटलं होतं, आत्या धाकट्या घरच्यांबरोबर दुसऱ्या जीपमध्ये असेल. धाकट्यांना वाटलं होतं, थोरल्यांबरोबर असेल. कोणाला वाटलं होतं, ती मार्गासनीलाच राहिली. माजी सरपंचांना काहीच वाटलं नव्हतं.

साहेबांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाले, "भांडारपाल, स्ट्रेचर घ्या."

रुग्णवाहिकेत ड्रायव्हर, साहेब, सिस्टर आणि मी. अर्ध्या तासाच्या वाटेत साहेबांनी सलाईन आणि सुया हाताशी काढून ठेवल्या. वळणावर टेम्पो तसाच आडवा होता. बघे चपला आणि पिशव्या गोळा करून केव्हाच निघून गेले होते. सिस्टर ओढ्याकडे तोंड करून ओरडल्या, "आत्या! ओ धोंडाआत्या!"

खाली घाणेरीच्या जाळीतून आवाज आला. "आत्ता आलासा व्हय?"

फेकल्या गेल्यावर आत्या उतारावरून गडगडत जाळीत जाऊन अडकली होती. वरून दिसत नव्हती. खुबा मोडला होता, तोंड पांढरं पडलं होतं, हातपाय गार. पण जीभ शाबूत होती. "समदी गेली मला टाकून. येकानं मागं वळून बघितलं न्हाई. जेवताना मातर आत्या वाढ, आत्या वाढ." मग तिची नजर शिट्टीवर गेली. "ह्यो पोलीस कोन?"

साहेब काट्यांत गुडघ्यांवर बसले. त्या आकसलेल्या हातात त्यांनी पहिल्याच सुईत शीर पकडली, पाय माझ्या छत्रीला सिस्टरच्या ओढणीनं बांधून सरळ केला, सलाईनची बाटली माझ्या हातात दिली आणि आत्याला हळू आवाजात म्हणाले, "थोडं दुखेल हां. शिव्या द्यायच्या तर मला द्या." आत्यानं दिल्या. साहेबांचा हात हलला नाही. घड्याळ त्यांनी एकदाही बघितलं नाही. ते उत्तम डॉक्टर होते, ही गोष्ट साडेचार वर्षांत पहिल्यांदाच उघडकीला आली.

आणखी तासाभरानं गेलो असतो, तर त्यांना काळी पट्टी वापरायची संधी मिळाली असती. आत्याला पुढं पुण्याला हलवलं, महिन्याभरानं ती काठी टेकत भोंगवलीला परतली, आणि भावकीतल्या निम्म्या घरांशी तिनं कायमचं बोलणं सोडलं.

इथं कोणालाही वाटेल की शकीला सिस्टर तडकाफडकी कायम झाल्या. आमच्या ट्रस्टची ओळख नसलेल्या माणसालाच असं वाटेल. जूनमध्ये अध्यक्षांनी सत्काराला त्यांना नारळ दिला आणि फायलीवर शेरा मारला: गुण ४३, अट ७०, अपात्र. साहेब अध्यक्षांना भेटायला गेले. बरोबर फायली घेऊन मीही होतो.

"आत्या तिच्यामुळे वाचली," साहेब म्हणाले.

"वाचली की. आम्ही नारळ दिला," अध्यक्ष म्हणाले. "पण यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्हीच त्या पेपरवाल्याला सांगितलंत. कात्रण आहे माझ्याकडे."

परत येताना मी सुचवलं, "साहेब, किमान गुण अधीक्षक ठरवतील असं नियमातच आहे. सत्तरचे चाळीस करून टाकू."

"भांडारपाल, निकष दयेवर ठरत नसतात," साहेब म्हणाले. "सत्तर मी यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतून घेतले होते. का सत्तर, ते तिथंही लिहिलेलं नव्हतं. कारण पाहिजे. कारण असलं की मग आकडा कोणताही चालतो."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता वीज आल्याबरोबर त्यांनी मला प्रशिक्षण कक्षात बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि टोपडं डोक्यावर चढवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी ते आजवर कधी घातलंच नव्हतं. पट्टा कसा आवळतात तेही त्यांना माहीत नव्हतं.

आगगाडी आदळली. साहेब दचकून मागं सरले, सावरले, आणि पहिल्या जखमीपाशी खाली बसले. मग उठलेच नाहीत. मोजा घातलेल्या हातानं ते हवेत नाडी शोधत राहिले. गोऱ्या माणसाचा पाय मोडलेला असावा. साहेब तो पुन्हा पुन्हा सरळ करत होते आणि मोजा पुन्हा पुन्हा रंग विचारत होता. मी म्हणालो, "साहेब, पुढचा." ते म्हणाले, "थांबा हो." मागं एकेकजण काळा होत होता. शेवटी यंत्रानं त्याच्या त्या प्रसन्न आवाजात गुण सांगितले. सत्तावीस.

साहेबांनी टोपडं काढलं. त्यांना घाम फुटला होता, एवढा एसी चालू असून.

"आवाज फार मोठा ठेवलाय त्यांनी," ते म्हणाले. मग हातातला मोजा उतरवत, "टाइप करायला घ्या."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. सुधारित निकष. ज्या संस्थेतली नर्स संस्थेच्या प्रमुखाहून सरस नाही, ती संस्था आपत्तीला तोंड देऊ शकत नाही. सबब, यापुढे उत्तीर्ण होण्यासाठी उमेदवाराचे गुण अधीक्षकांच्या गुणांपेक्षा अधिक असले पाहिजेत. अधीक्षकांचे गुण त्यांनी मला अंकी आणि अक्षरी लिहायला लावले, पण वेगळ्या कागदावर, जोडपत्र म्हणून. अध्यक्षांनी पहिला कागद वाचला. अट कडक झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी आनंदानं सही केली. जोडपत्र ते कधीच वाचत नसत.

शकीला सिस्टर एक जुलैला कायम झाल्या. ऑर्डर हातात घेऊन त्या मला म्हणाल्या, "सायबांनी गुण वाढवून दिले का ओ?" मी म्हणालो, नाही, तुमचे तेवढेच आहेत. त्यांना ते खरं वाटलं नाही.

निकालाचा कागद नियमाप्रमाणे फलकावर लावला. उत्तीर्ण: सहा. अनुत्तीर्ण: एक, अधीक्षक. नापास उमेदवारानं पंधरा दिवसांत फेरपरीक्षेसाठी अर्ज करावा, असं खाली छापलेलं असे, म्हणून साहेबांनी रीतसर अर्ज केला. अर्ज अधीक्षकांकडेच यायचा होता. तो त्यांनी फेटाळला. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे: उमेदवाराचे वय जास्त.